रमच्या बेटाला नाव आहे, खलाशांना नाही

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, टास्मानियाच्या ईशान्य टोकाजवळ बेटांचा एक पुंजका आहे. त्याला फर्नो बेटे म्हणतात. त्यातल्या एका अगदी लहान बेटाचे नाव आहे रम आयलंड, म्हणजे सरळ सरळ दारूचे बेट. १७९७ साली कलकत्त्याहून निघालेले एक व्यापारी जहाज त्याच्या शेजारच्या बेटापाशी फुटले. जहाजात हजारो गॅलन दारू होती. वाचलेल्या माणसांच्या हाती ती लागू नये म्हणून कप्तानाने ती या छोट्या बेटावर हलवली. तेव्हापासून बेटाला दारूचे नाव चिकटले, ते आजही नकाशावर आहे.

त्याच जहाजावर आपल्याकडचे खलाशीही होते. जहाज बुडू नये म्हणून कडाक्याच्या थंडीत रात्रंदिवस पंप मारणारे तेच. काहींनी त्या पंपापाशीच जीव सोडला. पुढे मदत आणायला जे सतरा जण निघाले, त्यांत बारा खलाशी होते. सुमारे ७०० किलोमीटर पायी चालून त्यांच्यातला फक्त एक जण सिडनीला जिवंत पोहोचला. त्या प्रवासाचे वर्णन छापले गेले, आजही वाचायला मिळते. त्यात त्या माणसाचे नाव नाही. तो फक्त 'एक लॅस्कर' आहे.

नकाशाने दारूच्या पिंपांची आठवण ठेवली आणि माणसांची ठेवली नाही. यासाठी इंग्रजांना दोष द्यायचाच, पण हा लेख तेवढ्यासाठी लिहिलेला नाही. त्या खलाशांची नावे इंग्रजांनी लिहिली नाहीत, मान्य. आपण आपल्या घरातल्या कष्टकऱ्यांची कुठे लिहिली? मला विचारायचा प्रश्न हा आहे. पण आधी त्या जहाजाची हकीकत सांगतो, कारण मराठीत ती फारशी कोणाला ठाऊक नाही.

बेगम शॉचे सिडनी कोव्ह झाले

जहाज कलकत्त्याच्या बाजूला बांधलेले होते. सुमारे २५० टनांचे, तीन डोलकाठ्यांचे. म्हणजे फार मोठे नव्हे. त्या काळी हुगळीकाठच्या गोद्यांत अशी जहाजे सर्रास बांधली जात. ब्रह्मदेशातल्या पेगूहून सागवान येई, उत्तरेकडून साल आणि शिसव. १८०० साली गव्हर्नर जनरल वेलस्लीने लंडनला कळवले होते की कलकत्ता बंदरात हिंदुस्थानात बांधलेली सुमारे १०,००० टनांची जहाजे उभी आहेत आणि ती इंग्लंडला माल नेण्याच्या लायकीची आहेत. इथे बांधलेली जहाजे टेम्स नदीत येऊ लागली तेव्हा तिथल्या जहाजबांधणीवाल्यांनी आपला धंदा बुडेल म्हणून ओरड केली होती. आपल्या सुतारांच्या हाताला एवढी किंमत होती.

या जहाजाचे आधीचे नाव होते बेगम शॉ. पुढे कलकत्त्यातल्या कॅम्पबेल अँड क्लार्क या पेढीने ते व्यापारासाठी पाठवायचे ठरवले आणि त्याचे नाव बदलून सिडनी कोव्ह ठेवले. कारण धंद्याचे होते. १७८८ साली इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात कैद्यांची वसाहत वसवली, ती ज्या खाडीवर होती तिचे नाव सिडनी कोव्ह. तिथे सगळ्याच मालाची चणचण होती. कपडा नाही, चहा नाही, धान्य अपुरे. दारू तर तिथे पैशासारखी चालत असे. गिऱ्हाइकाच्या गावाचे नाव जहाजाला दिले की गिऱ्हाईक खूश होते, हे पेढीवाल्यांना बरोबर कळत होते.

१० नोव्हेंबर १७९६ रोजी जहाज कलकत्त्याहून निघाले. त्यात सुमारे ७,००० गॅलन दारू होती. शिवाय तांदूळ, साखर, चहा, तंबाखू, कापड आणि चिनी मातीची भांडी. कप्तान गाय हॅमिल्टन, मुख्य अधिकारी ह्यू थॉम्पसन, आणि पेढीतर्फे मालाचा हिशेब पाहायला विल्यम क्लार्क. बाकी जहाज चालवणारी बहुतेक माणसे हिंदुस्थानी खलाशी.

वादळात जहाजाच्या पुढच्या भागाला गळती लागली. जानेवारीत दक्षिणेच्या थंड समुद्रात तुफानांनी झोडपले. शिडे फाटली, पाणी वाढत गेले. बंगालच्या हवेत वाढलेली, अंगावर पुरते कपडे नसलेली माणसे बर्फासारख्या पाण्यात उभी राहून पंप ओढत राहिली. थंडी आणि थकवा यांनी काही जण तिथेच गेले. ९ फेब्रुवारी १७९७ च्या सुमारास, जहाज आता तरत नाही हे दिसल्यावर हॅमिल्टनने ते एका बेटाच्या उथळ किनाऱ्यावर चढवले. त्या बेटाला त्यांनी नाव दिले प्रिझर्व्हेशन आयलंड. जीव वाचला म्हणून.

सतरा निघाले, तीन पोहोचले

फेब्रुवारीच्या शेवटी सतरा जण एका मोठ्या होडीतून सिडनीकडे निघाले. पाच गोरे, बारा खलाशी. दोन दिवसांत होडीही लाटांत सापडली आणि आजच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या नाइंटी माइल बीचवर फुटली. आता परत जाण्याचा रस्ता बंद झाला. १५ मार्चला त्यांनी किनाऱ्याने उत्तरेकडे चालायला सुरुवात केली. ज्या मुलखातून ते जात होते तिथून त्याआधी एकही युरोपीय चालत गेलेला नव्हता. नकाशा नव्हता. नद्या आडव्या येत. अन्न म्हणजे थोडा तांदूळ आणि किनाऱ्यावर सापडतील ते शिंपले.

ते मेले असते ते पहिल्या काही आठवड्यांतच. तसे झाले नाही, कारण तिथल्या आदिवासींनी त्यांना मासे दिले, नद्या आपल्या होड्यांतून पार करून दिल्या, पुढची वाट दाखवली. क्लार्कने हे स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे काही ठिकाणी झटापटीही झाल्या, क्लार्कच्या हातांना भाल्यांच्या जखमा झाल्या. तरीही एकूण हिशेब केला तर त्या लोकांनी दिलेले अन्न नसते तर कोणीच पोहोचले नसते.

एप्रिलच्या मध्यावर निम्म्याहून अधिक माणसांना चालवेना. ती मागे राहिली. पुढे शेवटच्या टप्प्यात थॉम्पसन आणि जहाजाचा सुतारही मागे राहिले. मेच्या मध्यावर सिडनीच्या दक्षिणेला मासेमारी करणाऱ्या एका होडीला किनाऱ्यावर तीन माणसे रांगताना दिसली. विल्यम क्लार्क, जॉन बेनेट नावाचा खलाशी आणि तो एक लॅस्कर.

गव्हर्नर हंटरने बेटावरच्या माणसांसाठी फ्रान्सिस आणि एलिझा ही दोन लहान जहाजे पाठवली. परतताना एलिझा बेपत्ता झाली. तिच्यावर सिडनी कोव्हचे काही खलाशी होते. म्हणजे पंपातून वाचले, बेटावरच्या उपासातून वाचले, आणि सुटकेच्या जहाजासकट बुडाले.

कोणाचे काय उरले

आता या अपघातातून पुढे काय निघाले ते पाहा.

क्लार्कला वाटेत किनाऱ्याच्या कड्यात दगडी कोळसा दिसला होता. त्याच्या सांगण्यावरून जॉर्ज बास तिथे गेला. त्या जागेला आज कोलक्लिफ म्हणतात, आणि तिथे पुढे खाणी झाल्या. बेटाजवळच्या प्रवाहांवरून टास्मानिया हे वेगळे बेट असावे असा अंदाज बळावला. बास आणि फ्लिंडर्स यांनी १७९८-९९ मध्ये प्रदक्षिणा घालून तो खरा ठरवला. त्या सामुद्रधुनीला बासचे नाव मिळाले. शेजारच्या मोठ्या बेटाला विल्यम क्लार्कचे नाव मिळाले. बेटांवर सीलचे कळप आहेत हे कळल्यावर शिकाऱ्यांची रीघ लागली. त्या शिकाऱ्यांनी पुढे टास्मानियाच्या आदिवासी बायका पळवल्या, तो इतिहास तिथल्या लोकांच्या अंगावर आजही आहे. ज्यांनी भुकेल्यांना मासे दिले त्या किनाऱ्यावरच्या लोकांच्याही जमिनी गेल्या.

पेढीवाल्यांपैकी रॉबर्ट कॅम्पबेल १७९८ मध्ये स्वतः सिडनीला आला. त्याने तिथे धक्का बांधला, वखारी बांधल्या आणि मोठा झाला. कॅनबेरा या आजच्या राजधानीतल्या एका उपनगराला त्याचे नाव आहे.

बुडालेले जहाज १९७७ मध्ये पाणबुड्यांना सापडले. पुढे संग्रहालयाच्या लोकांनी समुद्रतळावर उत्खनन केले. चिनी भांडी, चामडी बूट, बाटल्या वर आल्या. एका बाटलीतल्या मद्यात यीस्ट जिवंत निघाले. शास्त्रज्ञांनी ते वाढवले, आणि त्यापासून बिअर तयार करून ती बाजारातही आली. दोनशे वीस वर्षांनी बाटलीतले यीस्टसुद्धा परत उभे राहिले.

कप्तानाचे नाव आहे. मालकाचे नाव आहे. दारूचे नाव आहे. यीस्टची बातमी आहे. बारा खलाशांचा आकडा आहे.

नावे का गळाली

मी भाषेचा शिक्षक आहे, त्यामुळे शब्दांपाशी थांबायची सवय आहे. इंग्रजांचा 'लॅस्कर' हा आपला लश्कर. फौज या अर्थाचा फारसी शब्द, जो मराठीत लष्कर झाला. शेकडो माणसांना एकच शब्द, तोही समूहाचा. खलाशांच्या टोळीचा मुखिया सारंग. मूळ फारसी सरहंग, म्हणजे तुकडीचा नायक. त्याच्या हाताखाली टंडेल. जहाजाचा धनी नाखुदा, म्हणजे नावेचा मालक, त्याचा कोकणात नाखवा झाला. दिशा आणि तारे जाणणारा तो मुअल्लिम, म्हणजे शिक्षक. जहाज, बंदर, दर्या, सुकाणू हे शब्दही अरबी-फारसीतूनच आपल्या मराठीत आले आणि इतके रुळले की परके वाटत नाहीत. मराठी समुद्रावर जाते तेव्हा तिच्या तोंडी अर्धी उर्दू असते, असे मी वर्गात गमतीने सांगतो.

पण याच रचनेत नावे हरवण्याची सोय होती. कप्तान खलाशी एकेक करून घेत नसे. तो सारंगशी बोलणी करी, सारंग टोळी आणी. आगाऊ पैसे सारंगच्या हातात, पगार सारंगच्या हातून. खलाशी बहुधा सावकाराचा किंवा सारंगचा देणेकरी असे. कप्तानाच्या दृष्टीने सारंग हे एक नाव आणि बाकी नग. गोऱ्या खलाशापेक्षा त्याला मजुरी कितीतरी कमी, जागा कमी, अन्न कमी. १८२३ च्या इंग्रजी कायद्याने तर स्पष्टच केले की हे खलाशी कंपनीच्या मुलखात जन्मलेले असले तरी जहाजांच्या कायद्यापुरते 'ब्रिटिश खलाशी' मानले जाणार नाहीत. काम ब्रिटिश जहाजावर, मरण ब्रिटिश जहाजावर, आणि हक्काची गोष्ट आली की परके.

तेव्हा नोंद न ठेवणे हा केवळ विसराळूपणा नव्हता. ज्याचे नाव लिहिले त्याच्या घरच्यांना काहीतरी द्यावे लागते. आकड्याला घर नसते.

आपल्या घरात डोकावून पाहू

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे बंगालचे खलाशी, तुम्ही महाराष्ट्रात बसून त्यांच्यावर हक्क कसला सांगता? आणि ते सगळे मुसलमानच होते कशावरून?

सगळे मुसलमान होते असा माझा दावा नाही. त्या काळच्या खलाशांत मुसलमान मोठ्या संख्येने असत, हिंदू असत, गोव्याचे ख्रिस्ती असत. पंप ओढताना कोणी कोणाचा कलमा विचारत नव्हता. माझे नाते त्यांच्याशी कामाचे आहे. हेच काम, याच पद्धतीने, कोकणच्या माणसांनी मुंबई बंदरातून पिढ्यान्‌पिढ्या केले. आगबोटींच्या काळात मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे खलाशी, इंजिनच्या भट्टीवर पंजाब आणि सरहद्दीकडचे, आणि भटारखान्यात, सलूनमध्ये गोव्याचे, अशी वाटणीच होती. भरतीही सारंगच्याच हाताने होई. आज कोकणातल्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर सारंग, टंडेल, नाखवा ही आडनावे सापडतात. हिंदूंतही सापडतात, मुसलमानांतही. मुलांना ती फक्त आडनावे वाटतात. त्यांत कोणाच्या तरी पणजोबाचा हुद्दा आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मग आपण त्यांना इतिहास म्हणून काय सांगतो? गेली कित्येक वर्षे महाराष्ट्रात मुसलमानांचा इतिहास म्हटला की तीन-चार नावे निघतात. अफजलखान, औरंगजेब, टिपू. समोरचा म्हणतो, हे तुमचे पूर्वज, जाब द्या. आपण लगेच वकीलपत्र घेतो आणि बचावाला उभे राहतो. त्याने आरोप म्हणून जे गृहीत धरले तेच आपण अभिमान म्हणून गृहीत धरतो, की बादशहा आपले आणि आपण बादशहांचे.

कोणाच्या घरात होते बादशहा? मराठी मुसलमान म्हणजे बागवान, आतार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, शिकलगार, मणियार, कसाई. कोकणात मासे मारणारे दालदी, बोटीवर जाणारे खलाशी. दरबाराशी यांचा संबंध सारा भरण्यापुरता. आपली मुले औरंगजेबाच्या फौजेचा आकडा सांगतात आणि स्वतःच्या आजोबाचे आजोबा काय काम करत होते ते सांगू शकत नाहीत. हे मला शिक्षक म्हणून जास्त टोचते.

यावर एक आक्षेप मी स्वतःच मांडतो, कारण तो खरा आहे. बादशहांच्या नावाने रोज मोबाइलवर खोटेनाटे पसरत असेल, त्यावरून वस्तीत दगड पडत असतील, तर गप्प कसे बसायचे? बरोबर आहे. खोट्याला उत्तर दिलेच पाहिजे, आणि ते अभ्यासाने दिले पाहिजे. पण उत्तर देणे हेच आपले सगळे इतिहासाचे काम होऊन बसले आहे. विषय समोरच्याने ठरवायचा आणि आपण उत्तरपत्रिका लिहायची. खलाशाचा, विणकराचा, पिंजाऱ्याचा इतिहास कोणी आपल्याला विचारत नाही, म्हणून आपणही तो सांगत नाही. असा इतिहास सांगितला असता तर शेजारच्या हिंदू टंडेलालाही त्यात आपला पणजा भेटला असता. भांडणाला जागा कमी आणि ओळखीला जागा जास्त राहिली असती.

नावे जपणारी परंपरा

खेदाची गोष्ट ही की नावे जपण्यात आपण मुसलमान मुळात कच्चे नाही. हदीसच्या अभ्यासात अस्मा-उर-रिजाल नावाचे अख्खे शास्त्र आहे. एखादी गोष्ट कोणी कोणाकडून ऐकली, तो माणूस कुठला, कधी जन्मला, त्याची स्मृती कशी होती, तो खरे बोलणारा होता का, अशी हजारो माणसांची चरित्रे विद्वानांनी लिहून ठेवली. त्यांत दुकानदार आहेत, कारागीर आहेत, आझाद केलेले गुलाम आहेत. साखळीतले एक नाव गळाले तर अख्खी रिवायत कमकुवत ठरते. ज्यांच्याकडे ही शिस्त हजार वर्षांहून जुनी आहे, त्यांच्या घरातून आजोबाचे नाव दोन पिढ्यांत कसे गळते? शिवाय बुडून मरणाऱ्याला आपल्याकडे शहीदाचा दर्जा सांगितला आहे. शहीद म्हणायचे आणि नाव विचारायचे नाही, हे बरे दिसत नाही.

मुंबईतच दोन उदाहरणे आहेत. जहाजे बांधणाऱ्या पारशी वाडियांचे पाहा. लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मुंबई गोदीत जहाजे बांधली. आज कोणत्या वाडियाने कोणते जहाज बांधले ते सांगता येते, कारण त्यांनी कागद सांभाळले आणि त्याच घराण्यातल्या रुतनजी अर्देशीर वाडियांनी १९५५ मध्ये मुंबई गोदीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. आपले आपण लिहिले की राहते, एवढा साधा धडा आहे. अर्थात त्या गोदीत वासला चालवणाऱ्या शेकडो सुतारांची नावे तिथेही नाहीत. श्रीमंतांचे राहते आणि मजुरांचे जाते, हा नियम पारशांत आहे तसा आपल्यातही आहे. भेंडीबाजाराकडे नाखुदा मोहल्ला आहे, कारण नाखुदा जहाजांचे मालक होते. कोकणी मुसलमान व्यापारी मुहम्मद अली रोघे यांचे नाव जमशेटजी जीजीभाईंचे भागीदार म्हणून चीनच्या व्यापाराच्या इतिहासात येते. त्यांच्या जहाजांवर पंप ओढणारे कोण होते, हे आपणही कधी विचारले नाही.

दुसरे उदाहरण मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होमचे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक तिथे आहे, आणि त्यांची नावे नोंदलेली आहेत. ज्या साम्राज्याने १७९७ मध्ये बारा माणसांचा नुसता आकडा लिहिला, त्याच साम्राज्याला सव्वाशे वर्षांनी दोन हजार नावे लिहिता आली. म्हणजे लिहायची ठरवली की नावे मिळतात. मुंबईत राहणाऱ्या किती कोकणी कुटुंबांनी तिथे जाऊन आपल्या गावचे नाव शोधले आहे?

पत्र्याची पेटी

मी दुसऱ्यांना दोष देतो आहे असे वाटू नये म्हणून माझे सांगतो. माझ्या वालिदांचे मामा बोटीवर होते. आम्ही त्यांना मामू म्हणायचो. सुट्टीत ते आले की त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून निघणारा साबण आणि चॉकलेटे एवढेच आम्हा पोरांना दिसायचे. पेटीच्या तळाशी त्यांची सेवापुस्तिका असायची, प्रत्येक बोटीचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, शेऱ्यासकट. ते गेल्यावर घर पाडून नवे बांधले. पेटी भंगारात गेली, कागद पावसात भिजले होते म्हणून जाळले. तेव्हा मी बीएड होऊन शाळेत लागलो होतो. इतिहासाची साधने कोणती, हा प्रश्न मी परीक्षेत सोडवला होता आणि घरचे साधन माझ्या डोळ्यांदेखत जळले. ते कोणत्या बोटींवर होते, हे आज घरात कोणालाही सांगता येत नाही. इंग्रजांवर ढकलायला इथे जागा नाही.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. स्मारक उभारा, महामंडळ काढा, असे मी म्हणत नाही. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांनी त्यांच्याजवळ बसून चार गोष्टी लिहून घ्याव्यात. नाव, वडिलांचे नाव, गाव, काम, कोणत्या बोटीवर किंवा कोणत्या मागावर, किती वर्षे. जुनी सेवापुस्तिका, मनीऑर्डरच्या पावत्या, परदेशी शिक्के असलेली पत्रे टाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. बायकांचेही लिहावे. दहा-दहा महिने नवरा समुद्रावर असताना शेत, पोरे आणि सासू-सासरे सांभाळणाऱ्या बायकांची नावे तर कोणत्याच पुस्तिकेत नाहीत. मशिदींच्या जमातींकडे निकाहाची जुनी रजिस्टरे आहेत, त्यांत कामधंद्याचे उल्लेख सापडू शकतात. ती वाळवीच्या तोंडून काढली तरी पुष्कळ झाले. आणि शाळांनी, उर्दू असोत की मराठी, वर्षातून एक निबंध 'माझा आवडता प्राणी'ऐवजी 'माझ्या आजोबांचे काम' असा द्यावा.

हा शेवटचा प्रयोग मी करून पाहिला आहे. आधी वर्गात सिडनी कोव्हची गोष्ट सांगितली. तो एक खलाशी सिडनीला पोहोचला आणि त्याचे नाव कोणी लिहिले नाही, इथे आल्यावर एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "सर, मग आपणच त्याला एक नाव देऊ या ना. अब्दुल्ला ठेवू."

वर्गाला ते आवडले. मलाही क्षणभर आवडले. पण मी नको म्हटले. आपण दिलेले नाव त्याचे नसेल. ते ठेवून आपल्याला बरे वाटेल आणि त्याचे खरे नाव गेले हे विसरायला सोपे जाईल. त्यापेक्षा त्याची जागा कोरी राहू दे. आणि ज्यांची नावे अजून विचारता येतात त्यांची घरी जाऊन विचारून या.

दुसऱ्या दिवशी तीसपैकी अकरा मुले काहीतरी लिहून घेऊन आली. बाकीच्यांच्या घरी सांगणारे कोणी उरले नव्हते, किंवा सांगायला कोणाला वेळ नव्हता. अकरांतल्या एकाच्या वहीत पणजोबांचे नाव होते, आणि पुढे आजीने सांगितले तसे लिहिले होते की ते बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत, घरी फक्त त्यांचे बिछान्याचे वळकटे आले. मी ते नाव फळ्यावर लिहिले. तास संपला तरी ते पुसायला कोणी उठले नाही.